छाट: पूर्व भागातल्या एका शाखेचं प्रकरण

हजार विड्या म्हणजे पंचवीस-पंचवीसच्या ४० जुड्या. त्या दिवशी विडी कंपनीच्या शाखेत माल तपासणाऱ्या चेकरने एका बाईच्या ४० पैकी १२ जुड्या बाजूला सारल्या, आणि दिवेलागणीपर्यंत सोलापूरच्या पूर्व भागातल्या तीन गल्ल्या बंद झाल्या होत्या. एका किराणा दुकानाची काच फुटली, दोन पोरं पोलीस चौकीत नेऊन बसवली. रात्री तर भांडण विडीचं आहे की दोन समाजांचं, हेच कुणाला धड सांगता येईना.

गरीब-श्रीमंतातली दरी वाढली की समाज पेटतो, असं आपण सगळेच बोलतो. तो पेटतो म्हणजे पहिली ठिणगी नेमकी कुठे पडते, हे जवळून बघायला क्वचित मिळतं. मला मिळालं, कारण त्या रांगेत माझी अम्मा उभी होती आणि तिच्या मागे टोपली धरून मी. नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. शाखेचं, मालकाचं, चेकरचं, त्या बाईचं, कुणाचंच नाव इथे देत नाही. त्यातली बरीच माणसं अजून याच वस्तीत राहतात.

टोपलीतला हिशेब

ज्यांनी विडी वळताना पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगते, कारण सगळं प्रकरण या तपशिलात आहे.

शाखेतून तेंदूची पानं, तंबाखू आणि दोरा वजनावर मिळतो. रात्री पानं भिजवून फडक्यात गुंडाळून ठेवायची. पहाटे पत्र्याचा साचा पानावर धरून कात्रीने कापायची. मग मांडीवर सूप, सुपात तंबाखू. पानावर चिमूट पसरायची, अंगठ्याने वळायची, दोऱ्याचे दोन फेरे आणि तोंड नखाने आत दुमडायचं. हे दुमडायचं काम शाळेतून आल्यावर माझं असे. चांगला हात असेल तर हजार विड्यांना आठ-दहा तास जातात, आणि त्यात स्वयंपाक, पाणी भरणं, पोरांचं आजारपण धरलेलं नाही.

मिळालेल्या पानांत कुजकी, भोकं पडलेली, शिरा जाड असलेली पानं निघतात. हजाराचा माल मात्र हजारच मागितला जातो. तूट पडली की बायका बाजारातून स्वतःच्या पैशाने पान आणत. म्हणजे मजुरी मिळायच्या आधीच तिच्यातून खर्च सुरू. अम्मा त्याला खर्च म्हणत नसे, "पान पुरलं नाही" एवढंच म्हणे. हा खर्च कुठल्याच वहीत येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी टोपली घेऊन शाखेत रांग लावायची. चेकर जुडी उचलतो, बोटांत फिरवतो, दाबून बघतो. पसंत पडली तर इकडे, नाही तर तिकडे. तिकडे गेली ती छाट. छाटेची मजुरी नाही. आणि छाट गेलेली विडी बाईला परतही मिळत नसे.

त्या शाखेतला चेकर विशी-बाविशीचा होता. आईच्या वयाच्या बायकांना तो "ए" आणि "तू" म्हणायचा, बायका त्याला "साहेब" आणि "तुम्ही". लहान असूनही मला हे टोचायचं. मालकाला तर आम्ही कधी पाहिलंच नव्हतं. आमच्यासाठी सगळी सत्ता त्या दोन बोटांत होती.

गिरणी गेल्यावर

छाट त्या दिवशी पहिल्यांदा पडली नव्हती. अम्मा लग्न होऊन सोलापुरात आली तेव्हापासून छाट पडतच होती. मग त्याच दिवशी काय झालं?

सोलापूर हे गिरण्यांचं गाव. मोरारजी गोकुळदासांची जुनी गिरणी १८७७ साली सुरू झाली, पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी अशा गिरण्या उभ्या राहिल्या. तेलंगणातून आलेली पद्मशाली कुटुंबं हातमागावर, नंतर यंत्रमागावर बसली आणि चादर-टॉवेलमुळे शहराचं नाव देशभर झालं. आमच्या गल्लीतल्या बऱ्याच घरांत एक ठरलेली रीत होती: नवरा गिरणीत किंवा मागावर, बायको विडीवर. गिरणीत पगाराची तारीख होती, फंड होता, बोनस होता. विडीचा पैसा भाजीचा, पोरांच्या वह्यांचा.

नव्वदच्या दशकात लक्ष्मी-विष्णू बंद पडली आणि ही रीत उलटी झाली. गिरणीतून बाहेर पडलेले पुरुष यंत्रमागाच्या शेडमध्ये गेले. तिथे बारा तासांची पाळी आणि जितका माल निघेल तितके पैसे. धोटा अडकला, दोरे तुटले, वीज गेली, तर पैसे गेले. कितीतरी कारखाने कागदोपत्री भाऊ, मुलगा, सून यांच्या नावांवर तुकडे करून दाखवलेले, म्हणजे कामगारांची संख्या कायद्याच्या रेषेखाली राहावी. एका छपराखाली, एकाच वीजमीटरवर चार-चार कारखाने. चाळिशी ओलांडलेल्या गिरणी कामगाराला तिथे नव्याने हेल्पर व्हावं लागलं. काहींनी ते केलं, काही पारावर बसून राहिले.

तेव्हा विडीचा पैसा घरभाड्याचा झाला. छाट पूर्वीइतकीच पडत होती, पण आधी ती भाजीतून जायची, आता डोक्यावरच्या छपरातून जायला लागली. पोट भरत नाही म्हणून माणूस त्याच दिवशी रस्त्यावर येतो असं मला वाटत नाही. पूर्व भागाने उपाशी दिवस गुपचूप काढलेले मी पाहिले आहेत. खालचा आधार निघून गेला आणि वरचा माणूस मात्र तसाच बोटं फिरवत बसलेला दिसला, की त्याच गोष्टीचा अर्थ बदलतो.

हिरवा दोरा

त्या बाईचा नवरा गिरणीतून घरी बसलेला होता. आदल्या रात्री तिचा शाखेचा दोरा संपला. शेवटच्या तीन जुड्यांतल्या विड्या तिने घरातल्या शिवणाच्या हिरव्या दोऱ्याने बांधल्या. चेकरने त्या ओळखल्या आणि छाटल्या. खरं सांगायचं तर त्या तीन जुड्यांबाबत तो बरोबर होता. बाकीच्या नऊ जुड्या "सैल आहेत" म्हणून गेल्या.

ती रडली नाही, बोललीही नाही. दाराशी ओट्यावर बसून राहिली, बहुतेक घरी काय सांगायचं याचा विचार करत. तासाभराने आतून पोऱ्या भट्टीकडे न्यायचा ट्रे घेऊन निघाला. पास झालेल्या मालाचा ट्रे. त्यात हिरवा दोरा.

ती उठली आणि ट्रे धरला. "साहेब, हे छाट म्हणालाव नं? मग हिथं काय करूलालेत?"

"तुला काय करायचंय? पुढं हो."

"माझं हात हाय हे. मला कळत नाही व्हय?"

चेकरने ट्रे ओढला. काही जुड्या खाली पडल्या. ती त्यांच्याशेजारी दारातच बसली. माझी अम्मा रांगेतून बाहेर आली आणि तिच्या बाजूला बसली. मग आणखी दोघी. उठायचं नाही असं कुणी ठरवलं नव्हतं, घोषणा नव्हती, झेंडा नव्हता. दुपारपर्यंत शंभराच्या वर बायका टोपल्या न देता बसल्या होत्या आणि सगळ्या एकच गोष्ट एकमेकींना सांगत होत्या: म्हणजे इतकी वर्षं आपली छाट विकलीच जात होती.

मजुरी कमी आहे हे त्यांना माहीत होतं आणि ते त्यांनी सोसलं होतं. फसवणूक मात्र त्या दिवशी हिरव्या रंगात समोर आली.

काच कुणाची फुटली

पाळी सुटल्यावर मागावरची पोरं आली. त्यांचं स्वतःचं दुखणं वेगळं होतं, हजेरीचं आणि राहिलेल्या बोनसचं. पण बसलेल्या बायकांत त्यांच्या आया होत्या. धक्काबुक्की झाली, शाखेचं शटर खाली आलं, दगड उडाले. शटरला लागलेला दगड आवाज करून खाली पडतो. शेजारच्या किराणा दुकानाला काच होती.

त्या दुकानदाराचा या सगळ्याशी काही संबंध नव्हता. उलट गिरणी बंद पडल्यापासून अर्धी गल्ली त्याच्या उधारीच्या वहीवर जगत होती, आमचंही पान होतं त्यात. राग वर पोचू शकत नाही म्हणून आडवा जातो, आणि आडवा गेला की सर्वांत जवळच्याला लागतो. मालकाचा बंगला कुठे आहे हे त्या पोरांना ठाऊकच नव्हतं.

पुढचं जास्त भीतीदायक होतं. दुकानदार एका समाजाचा, चेकर दुसऱ्या, दगड मारणारी पोरं तिसऱ्या. संध्याकाळी कन्ना चौकाच्या बाजूला अफवा पोचली तेव्हा तिच्यात विडी उरलीच नव्हती. "आपल्या माणसाचं दुकान फोडलं" एवढंच उरलं होतं. वस्तीतली चार वयस्क माणसं रात्रभर फिरली, दुकानदार स्वतः ओट्यावर येऊन "काच माझी, मला तक्रार नाही" म्हणाला, म्हणून ती रात्र निभावली. त्या माणसाचे उपकार गल्ली विसरलेली नाही. पण शहराची शांतता एका किराणावाल्याच्या मोठेपणावर टांगून ठेवणं योग्य नाही, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

या शहराला हे नवं नाही. ५ मे १९३० रोजी गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर उसळलं. शिंदीची झाडं तोडली गेली, गोळीबार झाला, १२ मे रोजी मार्शल लॉ लागला. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली. त्यातले कुर्बान हुसेन गिरणी कामगारांत काम करणारे होते. स्वातंत्र्याची हाक मोठी होती हे खरंच, पण ती इतक्या लवकर इतक्या खोल गेली, कारण इथे गिरणीच्या भोंग्यावर जगणारी हजारो माणसं आधीच दाबात होती. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपुढून जाताना आपण पहिली गोष्ट आठवतो, दुसरी विसरतो.

कायदा होता की!

तिसऱ्या दिवशी कामगार खात्याचे एक अधिकारी, युनियनचे दोन कार्यकर्ते आणि शाखेचा मॅनेजर बसले. तिथे अधिकाऱ्यांनी जे वाचून दाखवलं ते ऐकून बायका गप्प झाल्या. विडी आणि सिगार कामगारांचा कायदा १९६६ पासून होता. घरी बसून वळणारी बाईसुद्धा त्यात कामगार होती. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला होता. सर्वसाधारणपणे १०० मागे ५ पेक्षा जास्त विड्या छाटायच्या नाहीत, असं नियमांत लिहिलेलं होतं. त्या बाईच्या ४० पैकी १२ जुड्या म्हणजे १०० मागे ३० झाल्या.

अम्माने घरी येऊन एवढंच विचारलं, "मग हे आम्हाला कुणी सांगितलं का नाही?"

ठरलं ते असं: छाटलेली विडी बाईसमोर कात्रीने कापायची. पान तिच्यासमोर तोलून द्यायचं, कुजकं बदलून द्यायचं. आणि चेकरच्या शेजारी रोज एक विडीवाली बसेल, पाळीपाळीने. मजुरीत एक पैसाही वाढ झाली नाही. तरी छाट एकदम खाली आली. विकता येत नसेल तर छाटण्यात कुणाला रस राहतो?

माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे, आणि तो सगळ्यात कमी सांगितला जातो. देशपातळीवरचे आकडे भयंकर आहेत. वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅबच्या २०२४ च्या अभ्यासात २०२२-२३ सालचं चित्र असं आहे की वरच्या १ टक्के लोकांकडे देशाच्या उत्पन्नातला २२.६ टक्के आणि संपत्तीतला ४०.१ टक्के वाटा आहे. कर, वारसा, शिक्षणावरचा खर्च यांवर मोठे निर्णय घेतल्याशिवाय ते बदलणार नाही, आणि ते घ्यायलाच हवेत. पण गल्लीत माणसाला विषमता टक्क्यांत भेटत नाही. मोजणारा तोच, नियम करणारा तोच, तक्रार ऐकणाराही तोच, अशी ती भेटते. मोजमापाच्या टेबलावर दुसरी खुर्ची टाकायला सरकारी तिजोरीतून काहीच जात नाही, आणि आमच्या गल्लीत दगड थांबले ते त्या खुर्चीमुळे.

पण ती खुर्ची टिकली नाही. करार कच्चा होता, साध्या कागदावर चार सह्या. दीड-दोन वर्षांनी शाखा बंद झाली आणि थोड्या अंतरावर एका ठेकेदाराच्या नावाने उघडली. नवीन माणूस म्हणाला, माझा कुणाशी करार नाही. बरोबरच होतं त्याचं.

मालकांच्या बाजूनेही बोललं पाहिजे. विडीचा खप घटत चालला आहे, आणि तो घटावाच, कारण तंबाखूची धूळ मी अम्माच्या खोकल्यात ऐकली आहे. २०१७ मध्ये विडीवर २८ टक्के जीएसटी लागला. इथे दर वाढला की काम स्वस्त मजुरीच्या भागात हलवण्याची सोय मालकाकडे असते. हे दडपण खरं आहे. पण त्याची सगळी वसुली सुपापाशी बसलेल्या बाईकडूनच का व्हावी, याचं उत्तर मला कुणी दिलेलं नाही.

त्याच वर्षी विडी कामगार कल्याण निधीचा उपकरही बंद झाला. १९७६ च्या कायद्याने उभा राहिलेला हा निधी दवाखाना, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरबांधणी यांसाठी होता. आणि २०२० मध्ये संसदेने केलेल्या कामगार संहितेत १९६६ चा कायदाही विलीन केला. संहितेला माझा सरसकट विरोध नाही. पण सुधारणा या शब्दात विडीवालीला आजवर जे मिळालं ते आधी लिहून घेतलं पाहिजे, मग खोडा.

कुंभारीचं उदाहरण

सुधारणेने अशांतता कमी होते का? सोलापूरकडे याचं एक उत्तर आहे, शहराबाहेर कुंभारीला. डावे कामगार नेते आडम मास्तर यांच्या पुढाकाराने विडी कामगार स्त्रियांनी घरांसाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढले. केंद्र, राज्य आणि ती बाई अशा तिघांच्या पैशातून गोदूताई परुळेकर वसाहतीत दहा हजार घरं झाली, आणि २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती दिली गेली. पुढे असंघटित कामगारांसाठी रे नगरचा ३० हजार घरांचा प्रकल्प आला. त्यातल्या १५ हजार घरांचं लोकार्पण १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी केलं. डाव्या संघटनेचा लढा, काँग्रेसच्या काळात एक टप्पा, भाजपच्या काळात दुसरा. गरिबांच्या प्रश्नावर पक्ष एकत्र येत नाहीत असं म्हणणाऱ्यांना मी कुंभारीला घेऊन जाते.

माझी मावशी तिथे राहते. घर मिळाल्यावर तिच्या बोलण्यात एक फरक पडला, तो मी डोळ्यांनी पाहिला. आधी चेकर "उद्यापासून येऊ नको" म्हणाला की ती घाबरायची, कारण भाडं थकलं तर घरमालक तिसऱ्या दिवशी भांडी बाहेर ठेवायचा. घर नावावर झाल्यावर ती म्हणायला लागली, "बरं, मग हिशेब लिहून दे." घरामुळे तिची मजुरी वाढली नाही. थांबायची ताकद आली, आणि ज्याला चार दिवस थांबता येतं त्याला दगड उचलावा लागत नाही. अडचणी तिथेही आहेत, शहराचं अंतर आहे, दवाखान्याला यायचं तर अर्धा दिवस जातो. पण त्या तक्रारी बायका निवेदन लिहून मांडतात, खाली सह्या करून.

आता मी काय करते ते सांगते, कारण प्रकरण तिथेच येऊन थांबलं आहे. संध्याकाळी घराच्या पुढच्या खोलीत टेबल टाकून मी विडीवाल्या आणि मागावरच्या कामगारांचे फंडाचे अर्ज भरून देते. विडी उद्योगाला भविष्यनिर्वाह निधी १९७७ पासून लागू आहे आणि घरी वळणाऱ्या बायकांना तो मिळालाच पाहिजे, हे १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे. पैसे जमा आहेत. अडतं ते नावात. शाखेच्या रजिस्टरात कारकुनाने ऐकू आलं तसं "नरसव्वा" लिहिलेलं, रेशनकार्डावर "नरसम्मा", आधारवर "नरसाबाई". बाई एक, नोंदी तीन. तीस वर्षं विड्या वळून झाल्यावर ती मीच आहे हे तिने सिद्ध करायचं, आणि ज्या शाखेने नाव चुकवलं तिचाच शिक्का त्यासाठी आणायचा. शाखा बंद असेल तर कुणाचा आणायचा? अर्ज परत येतो तेव्हा त्यावर कारण एका ओळीत असतं, आणि ती ओळ तिला वाचता येत नाही.

इथे सुधारणा अगदी छोटी हवी आहे: वस्तीत शिबिर लावायचं, युनियनचा किंवा वॉर्डातला साक्षीदार ग्राह्य धरायचा, आणि नावाची चूक दुरुस्त करायची जबाबदारी ती करणाऱ्यावर टाकायची. मी हे अर्जात लिहून दिलं आहे, दोन वेळा.

हिरव्या दोऱ्याची ती बाई आता सत्तरीच्या पुढे आहे. तिचा अर्ज तिसऱ्यांदा परत आला आहे. परवा आली तेव्हा तिने जुनं पासबुक प्लास्टिकच्या पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "अक्का, ह्यात तरी माझं हात ओळखतेत का बघ." सोमवारी आम्ही दोघी मिळून कार्यालयात जाणार आहोत. तिने पासबुक माझ्याकडे ठेवलं नाही, सोबत परत घेऊन गेली.